नटभक्ती की रसिकता?

चित्रपटातील एखाद्या नटावर वा नटीवर जन्मभर लोभ धरणारा मनुष्य आमच्या विद्वज्जनांच्या दृष्टीने अद्यापि हास्यास्पदच आहे. बालगंधर्वांचे नाव निघताच ज्यांचा कंठ दाटून येतो, तेच गृहस्थ शांता आपटे यांचे नाव आदराने घेणाऱ्याकडे पाहून मंद स्मित करतात. पहिल्याला ते रसिक म्हणतात आणि दुसऱ्याला शौकीन! हा भेद आम्हांस मुळीच मान्य नाही; आणि तो का मान्य नाही, हे येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

पूर्वपक्षाचे आक्षेप तीन आहेत. पहिला असा की, जुन्या नटनटींवरील प्रेम म्हणजे स्वतःच्या गेलेल्या तारुण्याचा शोक होय. हा आक्षेप तारखांपुढे टिकत नाही. 'कुंकू' १९३७ साली पडद्यावर आला, आणि शांताबाई १९६४ साली निवर्तल्या. आज पन्नाशी ओलांडलेल्या आमच्या पिढीपैकी पुष्कळांचा तोवर जन्मही झालेला नव्हता. जी नटी आम्ही तिच्या हयातीत कधी पाहिलीच नाही, तिच्यात आम्ही आपले कोणते तारुण्य शोधणार?

दुसरा आक्षेप अधिक पंडिती आहे. चित्रपटातील नट हा दिग्दर्शकाच्या हातचे बाहुले. म्हणून स्तुती करावयाची ती शांतारामबापूंची करावी, असे हे पंडित म्हणतात. त्यांनी 'कुंकू' पुन्हा एकवार पाहावा. ह्या चित्रपटात पार्श्वसंगीत योजलेले नाही. ध्वनी आहेत ते घरातले आणि रस्त्यावरचे. जरठ वराशी फसवून लावलेले लग्न नाकारणाऱ्या नीरेचा संताप प्रेक्षकांच्या मनावर ठसविण्यास तेथे वाद्यमेळ धावून येत नाही. शांताबाईंचा चेहरा, त्यांचा आवाज आणि त्यांचे मौन, एवढ्यावरच सारा भार आहे. दिग्दर्शकाने असा निर्णय घेतला तो नटीच्या सामर्थ्यावर विश्वासून. मग त्या सामर्थ्याचे श्रेय तिला द्यावयास आपण का कचरावे? 'संत तुकाराम' (१९३६) मध्येही हाच अनुभव येतो. विष्णुपंत पागनीसांच्या सौम्य तुकोबांसमोर गौरीबाईंची आवली उभी राहते, पायतण हाती घेऊन प्रत्यक्ष विठोबाला जाब विचारते, आणि संसाराची बाजू परमार्थाइतक्याच जोराने मांडून जाते. दामले-फत्तेलाल ह्यांची योजकता आम्ही मान्य करतो. परंतु योजकतेने कोणाच्या डोळ्यांत अंगार उत्पन्न करता येत नाही.

तिसरा आक्षेप बाजाराचा. नटनटी म्हणजे धंद्याने घडविलेला माल, म्हणून त्यांचा चाहता हा केवळ गिऱ्हाईक, असे म्हणतात. गंधर्व नाटक मंडळीही तिकिटे विकूनच चालली होती, हे येथे सोयीस्करपणे विसरले जाते. शिवाय ज्या कंपनीने शांताबाईंना नाव मिळवून दिले, तिच्याच दाराशी त्या १९३९ साली उपोषणास बसल्या, आणि पुढे 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून त्यांनी ह्या धंद्याचे अंतरंग उघडे केले. विकाऊ माल असा दुकानदाराशी भांडत नाही!

आता आम्ही उलट एक प्रश्न विचारतो. बालगंधर्वांच्या रंगभूमीवरील भूमिका ज्यांनी पाहिल्या, त्यांच्या साक्षीवर आम्ही विश्वास ठेवतो. ती पारखून घेण्याचे साधन मात्र कोणापाशी उरलेले नाही. चित्रपटाच्या चाहत्याची गोष्ट निराळी आहे. तो जे म्हणतो ते उद्याचा कोणीही तरुण पडद्यावर पडताळून पाहू शकतो. सैगल ह्यांच्या 'देवदास' विषयी आम्ही अतिशयोक्ती केली, तर ती तत्काळ उघडी पडेल. म्हणजे दोघांत अधिक जबाबदार रसिक कोणता?

परंतु ह्या पडताळणीला एक अट आहे. चित्रपट शिल्लक असला पाहिजे. आणि नेमक्या ह्याच ठिकाणी आमच्या देशाने अक्षम्य हेळसांड केली आहे. मूकपटांच्या युगात आपल्याकडे सुमारे १३०० चित्रपट निघाले. त्यांपैकी पूर्ण अथवा त्रुटित स्वरूपात उरले ते जेमतेम ३०. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) ह्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मास्टर विठ्ठल आणि झुबेदा तेथे कसे बोलले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. फितीतली चांदी काढण्यासाठी कित्येक प्रती भंगारात गेल्या. काही ज्वालाग्राही नायट्रेटच्या असल्यामुळे जळाल्या. २००३ साली पुण्यातच अशा फितींच्या कोठाराला आग लागली. 'कालिया मर्दन' (१९१९) मधील बालकृष्ण झालेली फाळक्यांची कन्या मंदाकिनी आज आपल्याला दिसते, ती पी. के. नायर ह्या एका चाहत्याने फाळके कुटुंबाकडून तुकडे मिळवून ते जुळविले म्हणून. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा पाया अशा वेडावरच उभारलेला आहे. ज्या नटभक्तीला विद्वान हसले, तिनेच विद्वानांच्या अभ्यासाचे साधन वाचविले!

तथापि चाहत्यांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. मधुबालेच्या प्रेमकथा तोंडपाठ, पण तिचा एखादा चित्रपट आरंभापासून अखेरपर्यंत पाहिलेला नाही, अशा भक्तांची संख्या थोडी नाही. जन्मशताब्दीला तसबिरीस हार घालावयाचा आणि भ्रमणध्वनीवर गाण्याचा कापलेला, पुसट तुकडा पाहून धन्य व्हावयाचे, ही रसिकता नव्हे. नटाची मूर्ती जपली आणि त्याचे काम गमावले, तर आपण नेमके कशाचे चाहते?

आमची मागणी साधी आहे. महाविद्यालयांनी जुने चित्रपट करमणूक म्हणून न दाखविता ग्रंथांप्रमाणे अभ्यासास लावावेत. ज्यांच्या माळ्यावर जुन्या फितींचे डबे गंजत असतील, त्यांनी ते भंगारवाल्यास न देता संग्रहालयाच्या स्वाधीन करावेत. आणि आमच्या वाचककुटुंबांनी येत्या सुटीत घरातल्या मुलांसह 'कुंकू' संपूर्ण पाहावा. त्यानंतर ज्यांना आम्हांस हसावेसे वाटेल, त्यांनी खुशाल हसावे.