आसुडाचे टोक

गेल्या दिवाळीत एक जुना विद्यार्थी घरी आला. अनसिंगजवळच्याच खेड्यातला, बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलेला. सध्या भिवंडीच्या एका गोदामात पाळीप्रमुख आहे. पिशवीतून त्याने आधी फराळाचा डबा काढला आणि मग एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. पुरवठा साखळी व्यवस्थापनाची, म्हणजे तो आणि त्याचे सहकारी जिला 'सप्लाय चेन' म्हणतात तिची, एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा तो देणार आहे. ती उत्तीर्ण झाला तर गोदामाच्या फरशीवरून कार्यालयातल्या खुर्चीपर्यंत जाता येईल, अशी त्याची आशा. एका प्रकरणावर बोट ठेवून तो म्हणाला, "सर, व्याख्या तं पाठ झाली, पण समजलं काहीच नाही. तुम्ही सांगता का जरा?"

प्रकरण होते 'बुलव्हिप इफेक्ट'चे. माझ्या तोंडून निघालेले पहिले वाक्य होते, "अरे, हा काही माझा विषय नाही." तो समंजस मुलगा, त्याने पुस्तक मिटले आणि फराळाकडे वळला. त्या वाक्याची मला नंतर लाज वाटली. प्रस्तुत लेख त्या लाजेपोटी लिहिला आहे. तो माझ्याविरुद्ध आहे तितकाच माझ्या समव्यवसायी मित्रांविरुद्धही आहे.

आधी परीक्षेविषयी थोडे. या क्षेत्रातील सर्वांत परिचित प्रमाणपत्रे ज्या अमेरिकी संस्थेची, ती १९५७ साली 'ॲपिक्स' या नावाने निघाली. २०१८ पासून ती 'एएससीएम' म्हणून ओळखली जाते. तिच्या 'सीएससीपी' या परीक्षेत साडेतीन तासांत दीडशे बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. ही परीक्षा मराठीत देता येत नाही. अभ्याससाहित्य धरून खर्च लाखाच्या आसपास जातो. आमच्या भागात हिशेब क्विंटलमध्ये होतो, म्हणून तसाच सांगतो: २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने वीसेक क्विंटल सोयाबीन. आणि हमीभाव बाजारात मिळतोच असे नाही, हे वाशीम जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको.

आता त्या प्रकरणाकडे वळू. १९९० च्या दशकात प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. तान्ह्या मुलांचे लंगोट ती विकत असे. मुले काही हंगामानुसार लंगोट ओले करीत नाहीत. दुकानातला खप जवळजवळ स्थिर होता. तरीही घाऊक व्यापाऱ्यांच्या मागण्या वरखाली होत आणि कंपनीने आपल्या पुरवठादारांकडे नोंदवलेल्या मागण्या त्याहून अधिक हेलकावत. १९९७ साली ली, पद्मनाभन आणि व्हँग या तीन अभ्यासकांनी याची चार कारणे मांडली: प्रत्येक टप्प्यावर नव्याने बांधलेला अंदाज, मागणी साठवून एकदम नोंदवण्याची सवय, भावातील चढउतार आणि टंचाईच्या भीतीने केलेली जादा मागणी.

दुसऱ्या दिवशी त्याला मी पुन्हा बोलावले आणि ही चारही कारणे अनसिंगच्या बाजारपेठेत शोधायला सांगितली. कृषी केंद्रवाला गेल्या वर्षीच्या गर्दीवरून यंदाचे बियाणे मागवतो, हा अंदाज. गाडी भरल्याशिवाय माल निघत नाही म्हणून दुकानदार आठ दिवस थांबतो आणि एकदम मागवतो, ही साठवलेली मागणी. 'दहावर एक फुकट' म्हटले की दोन महिन्यांचा माल घरात येतो, हा भाव. आणि 'औंदा डीएपी मिळत नाही' अशी कुजबुज मृगाच्या तोंडावर उठली की दोन पोती लागणारा चार पोती उचलतो, आणि खरोखरच डीएपी मिळेनासे होते. ही चौथी. हे सांगताना मुलगा हसू लागला. "सर, हे तं आमच्या घरचंच आहे!" पाठ झालेली व्याख्या त्याला तेव्हा समजली.

मग शब्दाचा प्रश्न निघाला. 'बुलव्हिप' म्हणजे बैल हाकायचा लांब चाबूक. मनगट इंचभर हलते आणि दूरचे टोक सणसणत जाते. याला मराठीत काय म्हणावे? उत्तर शोधायला कोशाची गरजच पडली नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहून संपवलेल्या पुस्तकाच्या नावातच ते आहे. आसूड. आपण याला 'आसूड परिणाम' म्हणू या, असे मी म्हणालो, आणि म्हणताक्षणी इंग्रजी पुस्तकाने न सांगितलेली एक गोष्ट आम्हा दोघांनाही दिसली. या आसुडाची मूठ ग्राहकाच्या हाती आहे. मधला दोर व्यापाऱ्याचा, कारखानदाराचा. टोक मात्र साखळीच्या ज्या कड्यावर पडते, ते कडे ग्राहकापासून सर्वांत दूर असते. आमच्या साखळीत तिथे कोण उभा असतो?

२०१५ च्या अखेरीस तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. शहरात ओरड झाली. २०१६ च्या जुलैमध्ये सरकारने डाळ आयातीसाठी मोझांबिकशी दीर्घ मुदतीचा करार केला. त्याच खरिपात भाव पाहून शेतकऱ्यांनी तुरीचा पेरा वाढवला. पाऊसही साथीला होता. २०१७ च्या आरंभी ती तूर बाजारात आली तेव्हा बोनस धरून हमीभाव ५,०५० रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या खाली. खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या आणि बारदाना संपला. पुढे २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनची सरकारी खरेदीही ठिकठिकाणी बारदान्याअभावी अडली. काटेकोर बोलायचे तर तुरीची कथा निव्वळ मागण्यांच्या फुगवट्याची नाही. पेरणी आणि काढणी यांमधल्या विलंबाची ती अधिक आहे. पण या सिद्धान्ताचे मूळ ज्यांच्याकडे जाते त्या जे फॉरेस्टर यांनी १९५८ आणि १९६१ मध्ये विलंब आणि फुगवटा यांचा विचार एकत्रच केला होता. परीक्षेच्या पुस्तकात आसुडाची किंमत साठ्याच्या खर्चात मोजतात. टोकाशी जो उभा आहे त्याच्या पाठीवरचे वळ कुठल्या रकान्यात लिहायचे, हा प्रश्न तिथे येत नाही.

आता पूर्वपक्ष.

पहिला आक्षेप माझ्या शिक्षकखोलीतला. 'हे वाणिज्य शाखेचे काम. मराठी विभागाने साहित्य शिकवावे.' ठीक. आपण काय शिकवतो ते तपासू. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' आपण प्राचीन गद्याचा नमुना म्हणून शिकवतो. वाक्यरचना, फारसी शब्द, शैलीचा करारीपणा, सगळे सांगतो. गडावर साठा कसा असावा, पाण्याची तजवीज कशी ठेवावी, सावकार हे राज्याला का हवेत, याचा विचार त्यात मुद्दाम केलेला आहे. ते मात्र 'आशय' या एका शब्दात गुंडाळतो. 'भाऊसाहेबांची बखर' शिकवताना वीररस आणि करुणरस यांची वाटणी करतो. १७६० च्या अखेरीस पानिपतावर मराठ्यांची रसद तुटली, रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि जानेवारीत सैन्य उपाशी पोटी रणात उतरले, हे आपण पार्श्वभूमी म्हणून दोन वाक्यांत उरकतो. मराठी भाषेतील सर्वांत मोठा शोक ज्या घटनेवर उभा आहे, तिच्या तळाशी तुटलेली पुरवठा साखळी आहे. 'हा माझा विषय नाही' असे म्हणण्याचा अधिकार मराठीच्या प्राध्यापकाला कोणी दिला?

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. 'परीक्षा इंग्रजीत आहे तर अभ्यासही इंग्रजीतच करावा. मधे मराठी आणली की मुलगा दोन्हीकडून जातो.' यात तथ्य आहे, पण अर्धेच. उत्तर इंग्रजीत ओळखायचे आहे हे खरे. परंतु बहुपर्यायी प्रश्नांतले दोन पर्याय नेहमीच सारखे दिसतात आणि त्यांतला फरक पाठांतराने कळत नाही. तो कळतो संकल्पना हाताशी असल्यावर, आणि संकल्पना हाताशी येते ती ज्या भाषेत माणूस हिशेब करतो, भांडतो, स्वप्न पाहतो त्या भाषेत. इंग्रजी संज्ञा सोडा असे मी म्हणत नाही. तिला घरच्या अनुभवाशी बांधा, एवढेच म्हणतो.

तिसरा आक्षेप आपल्या अभिमानी मित्रांचा आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. 'आपल्या डबेवाल्यांना कुठे प्रमाणपत्र लागले? हार्वर्डने त्यांचा अभ्यास केला!' केला, २०१० साली. पण त्यांना मिळालेले म्हणून जे 'सिक्स सिग्मा' मिरवले जाते, ते १९९८ मधील एका अमेरिकी नियतकालिकातल्या लेखातून उचललेले आहे; कोणी तपासून दिलेले प्रमाणपत्र ते नव्हे. आपण त्या आख्यायिकेवर टाळ्या वाजवल्या, आणि २०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या बंद पडल्या तेव्हा कौतुकाने डबेवाल्यांची चूल पेटली नाही.

याहून जवळचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. या समाजाचे तांडे शतकानुशतके बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत होते. १८०३ च्या मोहिमेत आर्थर वेलस्ली दख्खनेत लढला, वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगड येथे जिंकला. त्याच्या सैन्याचे धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होते आणि त्याच्या पत्रव्यवहारात त्यांची चिंता पुन्हा पुन्हा येते. 'सप्लाय चेन मॅनेजमेंट' हा शब्दप्रयोग १९८२ साली कीथ ऑलिव्हर या सल्लागाराने रूढ केला. त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी हे काम करणाऱ्यांचे पुढे काय झाले? १८६७ पर्यंत रेल्वे भुसावळहून नागपूरला पोहोचली, पक्के रस्ते झाले, तांड्यांचा धंदा बसला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया त्यांच्यावर पडली. कौशल्य अंगात होते; ते कागदावर नव्हते, आणि नव्या व्यवस्थेची भाषा त्यांची नव्हती. म्हणून 'आम्हाला उपजतच येते' हा अभिमान मला नको आहे. माझ्या विद्यार्थ्याने प्रमाणपत्र जरूर मिळवावे. ज्याच्याकडे कागद नाही त्याचे ज्ञान फुकट वापरले जाते, हे आमच्या मातीने पाहिले आहे.

माझे भांडण परीक्षेशी नाहीच. भांडण आहे ते आपण तिच्या आणि मुलाच्या मध्ये मोकळ्या सोडलेल्या जागेशी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आम्ही महाविद्यालयात पेढे वाटले. ज्या भाषेत रसद, बारदाना, कोठार, आडत, हुंडी, हुंडेकरी असे शब्द आहेत, तिला साठा आणि वाहतूक यांवर बोलता येत नाही असे कोण म्हणेल? परिभाषा कोश झाले, पण कोशातला शब्द वर्गात उच्चारला गेला नाही तर तो कपाटातच मरतो. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो. त्यावरून माल कसा आणि का धावतो हे समजणारी माणसे बाहेरून येणार आणि आमची पोरे फक्त हमाली करणार, असे ठरवायचे असेल तर गप्प बसणे पुरेसे आहे.

करण्याजोगे काही फार मोठे नाही. प्रत्येक महाविद्यालयात वाणिज्य आणि मराठीच्या दोघा शिक्षकांनी आठवड्यातून एक तास एकत्र बसावे. अशा परीक्षा दिलेल्या मुलांनी एकेक प्रकरण आपल्या गावच्या उदाहरणांसह मराठीत लिहावे आणि पुढच्याला द्यावे. आपण त्यांची वाक्ये तपासावीत. ते तरी नक्कीच आपले काम आहे.

तो मुलगा परत भिवंडीला गेला आहे. रात्रपाळीनंतर अभ्यास करतो. परवा त्याचा फोन आला. "सर, 'सेफ्टी स्टॉक'ले काय म्हणायचं?" मी म्हणालो, "तुझी आजी कणगीच्या तळाशी पेरणीपर्यंत हात लावू देत नव्हती, ते काय होतं?" पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "समजलं. आता किती ठेवायचा त्याचं सूत्र पाहतो."

सूत्र मात्र मला येत नाही. आता ते त्याच्याकडून शिकायचे आहे.