साहित्याचे अध्ययन आणि शब्दार्थाचा विवेक

मराठी विषय घेऊन पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याला 'या अभ्यासाचा उपयोग काय?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याला सामान्यतः दोन ठरीव उत्तरे दिली जातात. साहित्याने संस्कार घडतात, हे एक; आणि अध्यापन, भाषांतर, प्रसारमाध्यमे यांत संधी मिळते, हे दुसरे. ही उत्तरे असत्य नसली तरी अपुरी आहेत. संस्कार कीर्तनानेही होतात आणि व्यवसायोपयोगी कौशल्ये अल्पमुदतीच्या वर्गांतही शिकविता येतात. साहित्याच्या अध्ययनावाचून जे अन्यत्र मिळत नाही ते कोणते, हा खरा प्रश्न आहे.

ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) या निबंधाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरावे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये शिक्षा झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिच्या संतापातून हा निबंध लिहिला गेला. स्त्रिया व पुरुष यांत 'साहसी' कोण, हे दाखवून देण्याची प्रतिज्ञा त्याच्या उपशीर्षकातच आहे. आजच्या विद्यार्थ्याला साहस म्हणजे धाडस, शौर्य. हा अर्थ गृहीत धरला तर निबंधाचा विषय 'अधिक शूर कोण' असा होतो आणि सारा युक्तिवाद उलटा वाचला जातो. येथे साहस म्हणजे अविचारी, निंद्य कृत्य. स्त्रीच्या दोषांची जंत्री देणाऱ्या संस्कृत सुभाषितांत साहस येते ते याच अर्थाने. दोषारोपाचा तोच शब्द ताराबाई आरोप करणाऱ्यांवर उलटवितात. एका शब्दाची अर्थच्छटा हातून निसटली, तर निबंधाचा कणाच निसटतो.

बाजारातील मार्गदर्शिकांत 'स्त्रीमुक्तीचा आद्य उद्गार' असे तयार विधान सहज सापडते. ते चुकीचे म्हणता येणार नाही. परंतु ते पाठ करणाऱ्याच्या पदरी निष्कर्ष पडतो, त्यापर्यंत पोहोचण्याची शक्ती नव्हे. कोणता शब्द कोणी, कोणाविरुद्ध व कोणत्या काळी वापरला, हे तपासण्याची सवय म्हणजेच भाषिक विवेक. न्यायालयाचा निकाल, शासकीय परिपत्रक वा निवडणुकीतील भाषण वाचतानाही हाच विवेक उपयोगी पडतो.

शिवाय ग्रंथ आपोआप टिकत नाहीत. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये (१८८५) या निबंधाची पाठराखण केली. पुढे मात्र तो दीर्घकाळ विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो संपादून पुन्हा प्रकाशात आणला. साहित्याचा अभ्यासक नसता, तर स्त्रीवादी विचाराच्या मराठी परंपरेतील हा पुरावा आज वर्गात पोहोचला असता काय?

खेड्यापाड्यांतून येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला असे सूक्ष्म वाचन झेपणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो मान्य करता येत नाही. प्रमाणभाषेतून लुप्त झालेले शब्द व वाक्प्रयोग पुष्कळदा त्याच्याच बोलीत जिवंत असतात. त्याच्या बोलीला वर्गात न्यूनत्व न देता अर्थनिर्णयाचे साधन मानले, तर जुन्या ग्रंथाशी त्याचे नाते इतरांहून लवकर जुळू शकते. सोपेपणाच्या नावाखाली त्याच्या हाती केवळ सारांश देणे हा त्याच्यावरील अन्यायच होय.

केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या गौरवाचा आधार प्राचीन ग्रंथसंपदा हा आहे. ती संपदा मुळातून वाचू शकणारी पिढी घडली नाही, तर हा गौरव कागदोपत्रीच राहील. म्हणून प्रत्येक सत्रात निदान एक ग्रंथ वर्गात ओळीओळीने वाचला जावा, आणि परीक्षेतही त्यातील उताऱ्याचा अर्थ विद्यार्थ्याने स्वतः लावावा, अशी अपेक्षा ठेवणे अवाजवी ठरू नये. उपयोगाच्या प्रश्नाला तेच सर्वांत समाधानकारक उत्तर असेल.