शैवालाचा उन्हाळा आणि ओमेगा-३

थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते, तूप घट्ट होते. त्यांच्याच शेजारचे करडईचे तेल मात्र पातळच राहते. फरक मेदाम्लांचा. खोबरेलातली बहुतेक मेदाम्ले संपृक्त, सरळ साखळ्यांची असतात आणि एकमेकींना चिकटून बसतात. करडईच्या असंपृक्त साखळ्यांना दुहेरी बंधापाशी बाक असतो, म्हणून त्यांची दाटी होत नाही. स्वयंपाकघरातला हा फरक पाण्यातल्या हिरव्या शैवालाच्या जिवावर बेतू शकतो.

शैवालाच्या हरितलवकात प्रकाशसंश्लेषण चालते ते मेद आणि प्रथिनांच्या पातळ पटलांवर. या पटलांत ओमेगा-३ मेदाम्लांची रेलचेल असते. गारव्यात त्यांच्यामुळे पटल लवचीक राहते. उष्णता वाढली की मात्र तेच पटल गरजेपेक्षा सैल पडते, त्यात रुतलेल्या प्रथिनांची घडी विस्कटते. क्लॅमिडोमोनास हे प्रयोगशाळांचे लाडके एकपेशीय शैवाल. फ्रेंच संशोधकांनी ते तासभर ४२ अंश सेल्सिअसला ठेवले, तेव्हा पटलांतला असंपृक्त मेद कमी झाला आणि पेशीतला तेलाचा साठा वाढला. अडचणीचे सामान माळ्यावर टाकावे तसे! त्याआधी, २०१३ मध्ये, ओमेगा-३ बनवणारे विकर क्षीण असलेला याच शैवालाचा उत्परिवर्तित प्रकार थोड्या वेळाची उष्णता अधिक चांगली सोसतो, असेही आढळले होते.

मग असेच वाण टाक्यांत वाढवावे का? उत्तर इतके सोपे नाही. अन्न म्हणून शैवालाचे जे मोल आहे, त्यात ओमेगा-३चा वाटा मोठा. उष्णता सोसण्यासाठी शैवाल नेमके तेच खर्ची घालत असेल, तर टाकी हिरवीगार दिसेल आणि ताटातला कस उतरेल. बांगडा-तारलीतले ओमेगा-३ही मुळात समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांकडूनच येते. ती बहुतांशी हिरव्या गटातली नाहीत. पण गरम पाण्यात असंपृक्त मेद कमी करण्याची सवय त्यांच्यातही आढळते.

शिवाय प्रयोगशाळेतला तासाभराचा ताप आणि उघड्या टाकीवरचा चैत्र-वैशाख यांत अंतर आहे. टाकीला रात्रीचा गारवाही सोसावा लागतो, आणि उष्णतेत पेशी तगवण्याचे काम एकटा मेद करत नाही. संरक्षक प्रथिनेही करतात. म्हणून उष्णतासहिष्णू वाणाचा दावा करणाऱ्याने उत्पादनाच्या आकड्याबरोबर भर उन्हाळ्यात काढलेल्या शैवालातील मेदाम्लांचे प्रमाणही जाहीर करावे.