कोणतं कासव?

लेकीच्या सहाव्या वाढदिवसाला मी बाजारातून एक कासव आणलं. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं, हिरवंगार, डोळ्यांमागे लाल पट्टा. सोबत प्लॅस्टिकचा छोटा डबा. “हे एवढंच राहतं,” दुकानदार म्हणाला. आज ते माझ्या दोन्ही तळहातांत मावत नाही.

त्याचं नाव रेड इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. मादी फूटभर वाढते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षं जगते. म्हणजे लेकीचं लग्न होईल, तेव्हाही ते आमच्याकडेच असेल!

पहिल्याच पावसाळ्यात त्याचे डोळे सुजले, कवचाच्या कडा मऊ पडल्या. डॉक्टरांनी विचारलं, “ऊन मिळतं का?” मिळतं की, डबा खिडकीतच असतो. पण ती खिडकी बंद काचेची. ऊन काचेतून येतं, त्यातले यूव्हीबी हे अतिनील किरण मात्र बाहेरच अडतात. ते नसले की ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. त्यात आम्ही रोज सुकी कोळंबीच घालत होतो, त्यामुळे अ जीवनसत्त्वही कमी पडलं होतं. कवच म्हणजे त्याचं घर, असं आपण मुलांना सांगतो. खरं तर बरगड्या आणि पाठीचा कणा त्या कवचालाच जोडलेले असतात. कवच मऊ पडणं म्हणजे हाडंच मऊ पडणं.

आता गॅलरीत मोठा टब आहे. पोहता येईल इतकं पाणी, चढून कोरडं बसायला फरशीचा तुकडा, फिल्टर, पावसाळ्यासाठी यूव्हीबी दिवा. टबात हात घातला की साबणाने धुवायचा, हा घरातला नियम, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात.

मराठीत पाण्यातलं आणि जमिनीवरचं, दोन्ही कासवच. घोटाळा तिथे होतो. एका नातेवाइकांनी वास्तूसाठी तारा कासव आणलं आणि पाण्याच्या घंगाळात ठेवलं. घुमटासारखी पाठ, हत्तीसारखे पाय. त्याला पोहता येत नाही. ते कोरड्या माळावरचं, गवत खाणारं जनावर, खोल पाण्यात बुडून मरतं. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरात ठेवणं गुन्हा आहे. आफ्रिकेतलं सुलकाटा कासवही आता काही घरांत दिसतं. ते पन्नास किलोच्या घरात जातं आणि खोल बिळं खणतं. फ्लॅटमध्ये त्याचे हाल होतात, माझं तरी हेच मत आहे.

घरात तारा कासव असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. स्लायडर सांभाळणं होत नसेल, तर प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला विचारा. पुण्य म्हणून त्याला तळ्यात मात्र सोडू नका. तिथल्या देशी कासवांचं अन्न आणि उन्हात बसायची जागा ते बळकावतं.