फुलं अंगणातलीच हवीत

रमजान चांद्र वर्षाचा. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. फुलं मात्र सूर्याचं ऐकतात. त्यामुळे साधारण 33 वर्षांच्या फेऱ्यात मोजकीच वर्षं रोजे आणि मोगऱ्याचा बहर एकत्र येतात. 2025 साली तर 30 मार्चला गुढीपाडवा होता आणि 31 ला ईद.

पाडव्याला शेजारी कडुनिंबाचा फुलोरा गूळ, जिरं आणि हरभऱ्याच्या डाळीत कालवतात. आमच्याकडे इफ्तारच्या माठात मोगऱ्याची दोन फुलं पडतात; उर्दूत हाच मोतिया. शेवग्याच्या फुलांची भाजी दोन्ही घरांत होते. गावठी गुलाबाच्या पाकळ्या खडीसाखरेबरोबर बरणीत घालून उन्हात ठेवल्या, की गुलकंद.

पण हारासाठी पिकवलेल्या गुलाबावर औषध फवारलेलं असू शकतं. खायचं फूल आपल्या देखरेखीतलंच हवं, आणि अंगणं तर आपण गाडीसाठी फरशीखाली गाडतो आहोत. मग उरतं ते बाटलीतलं लाल सरबत. त्यात रंग असतो, अंगणातलं फूल नसतं.

यंदा ईदीच्या पाकिटासोबत मोगऱ्याची एक कुंडी द्या. रोजे पुढे हिवाळ्यात जातील. कुंडी उन्हाळ्यातच फुलेल. तेव्हा दोन फुलं शेजारच्या माठातही पडू देत.