विश्लेषण : विमानात ‘लेटेस्ट’ चिप का बसवत नाहीत? ए३२० प्रकरणातून समजून घ्या

२८ नोव्हेंबर २०२५. एअरबसने एक सूचना काढली आणि जगभरातल्या सुमारे ६ हजार ए३२० श्रेणीतल्या विमानांना तातडीच्या दुरुस्तीसाठी रांगेत उभं राहावं लागलं. भारतात इंडिगो, एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस मिळून अशी ३३८ विमानं होती. कारण ऐकून अनेकांना मीम सुचले: सूर्याच्या किरणांमुळे विमानाचा संगणक गडबडू शकतो! पण यात गंमत काही नाही.

नेमकं काय घडलं होतं?

३० ऑक्टोबरला जेटब्लूचं विमान मेक्सिकोतल्या कॅनकूनहून अमेरिकेतल्या न्यूअर्कला निघालं होतं. वाटेत विमान अचानक खाली झुकलं. काही प्रवासी जखमी झाले आणि विमान टँपाला उतरवावं लागलं. संशय गेला ‘ईलॅक’वर. पायलटची आज्ञा पंख आणि शेपटीच्या हलत्या भागांपर्यंत पोहोचवणारा हा संगणक.

किरणांचा चिपशी काय संबंध?

चिपच्या मेमरीत सगळी माहिती ० आणि १ च्या रूपात असते. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात न्यूट्रॉन तयार होतात. असा एखादा कण चिपवर आदळला, तर ० चा १ होऊ शकतो. चिप जळत नाही, फक्त आकडा बदलतो. ३५ हजार फुटांवर अशा कणांचं प्रमाण जमिनीपेक्षा शेकडो पट असतं. फोन हँग झाला तर आपण रीस्टार्ट करतो. हवेत ती सोय नाही.

मग चिप निवडताना काय बघतात?

वेग हा पहिला प्रश्न नसतोच. पहिला प्रश्न असतो, ‘ही चिप चुकली तर लगेच कळेल का?’

• चूक दुरुस्त करणारी मेमरी : ‘ईसीसी’ असलेली मेमरी एका बिटची चूक स्वतः सुधारते आणि दोन बिटांची चूक किमान पकडते.

• जोडीने काम : टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस५७० सारख्या मायक्रोकंट्रोलरमध्ये दोन कोअर एकच गणित करतात. उत्तर जुळलं नाही की धोक्याचा इशारा.

• तापमान : साध्या चिप ० ते ७० अंश सेल्सियससाठी बनतात. लष्करी दर्जाच्या चिप उणे ५५ ते १२५ अंशांत चालतात.

• आयुष्य : विमान २५-३० वर्षं उडतं. चिपचं उत्पादन पाच वर्षांत बंद झालं तर सुटा भाग आणायचा कुठून? शिवाय जुन्या चिपचे दोष एव्हाना माहीत झालेले असतात.

‘विमानासाठी मंजूर’ चिप मिळते का?

नाही. मंजुरी सुट्या चिपला नसते, ती विमानात बसणाऱ्या यंत्रणेला मिळते. हार्डवेअरसाठी डीओ-२५४ आणि सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी हे निकष आहेत. प्राणघातक अपघात घडवेल अशा बिघाडाची शक्यता एक अब्ज उड्डाण-तासांत एकापेक्षा कमी हवी, अशी अपेक्षा असते.

म्हणूनच कुठल्याही एका चिपवर भरवसा ठेवत नाहीत. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या ए३२० मध्ये ईलॅकसाठी मोटोरोलाची ६८०१० आणि दुसऱ्या नियंत्रण संगणकासाठी इंटेलची ८०१८६ चिप वापरली होती. दोन कंपन्यांच्या चिप एकाच वेळी एकसारखी चूक करण्याची शक्यता फार कमी.

यातून काय समजायचं?

यावेळी बहुतेक विमानांत चिप बदलावी लागली नाही. आधीची सॉफ्टवेअर आवृत्ती परत टाकली आणि काही तासांत विमान मोकळं झालं. काही विमानांत मात्र हार्डवेअर बदलण्याची वेळ आली. म्हणजे चिप कितीही पारखून घेतली तरी पुढच्या प्रत्येक अपडेटनंतर ‘आकडा बिघडला तर?’ हा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

उद्या माणसं वाहून नेणारे ड्रोन आणि हवाई टॅक्सी येतील. तेव्हा कंपन्या वेग, रेंज आणि भाडं सांगतील. आपण मात्र विचारायचं, चिप चुकली तर पुढे काय?