शहराची खरी ओळख

मुलांनो, प्रवास हा केवळ धनवंतांचा विलास आहे, असे पुष्कळांस वाटते. मला ते पटत नाही. १९७५ साली ऑस्ट्रेलियाने परदेशी तरुणांसाठी एक योजना सुरू केली : देश पाहावा आणि खर्चापुरते कामही करावे. २०२४ पासून भारतातील काही तरुणांनाही ही संधी मिळू लागली आहे.

असे तरुण पाठीवर पिशवी टाकून सिडनी शहरात येतात. स्वस्त वसतिगृहातील एका खोलीत अनेकजण राहतात आणि आपला स्वयंपाक आपणच करतात. दिवसा उपाहारगृहात बशा विसळणारा तरुण सायंकाळी बंदरावरचा, १९३२ साली खुला झालेला पोलादी पूल पायी ओलांडतो. शिडांसारख्या छपरांचे ऑपेरा हाउस डोळे भरून पाहतो.

बशा विसळण्यात कमीपणा नाही काय, असे कोणी विचारील. मुळीच नाही! पाहुण्याला शहराचा दिवाणखाना तेवढा दिसतो. श्रम करणाऱ्याला त्याचे स्वयंपाकघरही दिसते. घर ओळखायचे तर दोन्ही पाहिली पाहिजेत. मात्र कामाची मजुरी आधी ठरवून घ्यावी. श्रमाला लाजू नये, तसे ते फुकटही देऊ नयेत.

जग पाहण्याची इच्छा आहे ना? मग आज जेवल्यावर आपले ताट आपणच घासा. प्रवासाची तयारी तेथूनच सुरू होते.